हाड जुळलं, त्यानंतरचं

घोटा मोडलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "हाड जुळलं का?" विचारण्यात काळजी असते, पण एक गृहीतही असतं, की हाड जुळलं म्हणजे माणूस चालायला लागला. सदुसष्टाव्या वर्षी माझा उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. एक्स-रे बघून डॉक्टर "छान जुळलंय" म्हणाले त्या दिवशी मला पलंगापासून खोलीच्या दारापर्यंत कशाला तरी धरल्याशिवाय जाता येत नव्हतं. हाडाकडे डॉक्टरांचं लक्ष होतं, प्लेट होती, स्क्रू होते. पोटरी, तोल, इतके दिवस एकट्याने भार वाहिलेला दुसरा पाय, खांदे आणि मनात बसलेली पडायची धास्ती, यांच्याकडे बघायचं काम मात्र कुणाचंच नव्हतं. उतारवयात हा भाग हाडापेक्षा मोठा असतो आणि त्याबद्दल आधी कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पडायला क्षण लागला. ओल्या पायरीवर पाय सटकला, पाऊल आत वळलं आणि सगळं अंग त्यावर आलं. कट्कन आवाज झाला तो मला स्पष्ट ऐकू आला. तरी आजूबाजूचे "मुरगळला असेल, मलम लावून बघा" म्हणत होते. नुसत्या सुजेवरून मुरगळलेला घोटा आणि मोडलेला घोटा ओळखता येत नाही. दोन्ही सुजतात, दोन्ही काळेनिळे पडतात. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी सुजेकडे फारसं पाहिलंही नाही. घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याची मागची कड त्यांनी अंगठ्याने वरपासून खालपर्यंत दाबली, मग आतल्या उंचवट्याची, आणि विचारलं, "चार पावलं टाकता येतील?" नाही येणार, म्हटलं. तपासायची ही पद्धत कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली आणि आता ती अनेक देशांत वापरतात. घोट्याच्या भागात दुखत असेल, आणि हाडाच्या त्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. शेकत, चोळत दिवस काढले तर मोडलेले तुकडे आणखी सरकायची भीती असते.

घोट्याच्या दोन बाजूंना हाताला लागतात ते उंचवटे म्हणजे पायातल्या दोन हाडांची खालची टोकं. आतलं टोक नडगीच्या जाड हाडाचं, बाहेरचं तिच्या शेजारच्या बारीक हाडाचं. या दोन टोकांच्या पकडीत पावलाचं सगळ्यात वरचं हाड बसतं आणि शरीराचा भार तिथून पावलात उतरतो. माझी दोन्ही टोकं मोडल्यामुळे ती पकडच सैल झाली होती. "या वयात ऑपरेशन कशाला, प्लास्टर घाला की," असं नातेवाइकांपैकी काहींचं म्हणणं. डॉक्टरांनी एक्स-रे समोर लावून दाखवलं. मधलं हाड मिलिमीटरभर जरी बाजूला सरकून राहिलं तरी सांध्यातला एकमेकांना टेकणारा भाग कमी होतो, उरलेल्या भागावर जास्त वजन येतं आणि सांधा लवकर झिजतो. मोडलेल्या प्रत्येक घोट्याला ऑपरेशन लागतं असं नाही. फक्त बाहेरचं टोक मोडलं असेल आणि पकड शाबूत असेल तर प्लास्टरवर किंवा पट्ट्यांच्या बुटावर भागतं. माझं भागण्यातलं नव्हतं.

ऑपरेशन लगेच झालं नाही. ताणलेल्या, सुजलेल्या कातडीवर चीर दिली तर जखम नीट भरत नाही, म्हणून सूज उतरायची वाट बघायची. पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा वर. डॉक्टर येऊन घोट्याजवळची कातडी चिमटीत धरून बघायचे. एका सकाळी तिच्यावर बारीक सुरकुत्या उमटलेल्या दिसल्या आणि ते म्हणाले, "आता करू." कमरेत भूल दिली. बाहेरच्या बाजूला प्लेट आणि स्क्रू, आतल्या बाजूला दोन लांब स्क्रू, आणि वरून प्लास्टर. ऑपरेशनबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. ते त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते चोख केलं.

माझं काम त्यानंतर सुरू झालं.

"सहा आठवडे पाय टेकवायचा नाही." हे सगळ्यांनाच सांगतात असं नाही. हल्ली ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनीच थोडाथोडा भार टाकायला परवानगी देणारेही बरेच डॉक्टर आहेत. हाड कसं मोडलं, त्याची प्रत कशी आहे, मधुमेह आहे का, पावलात संवेदना नीट आहेत का, हे बघून ते ठरतं. ज्यांना टेकवायला मनाई आहे त्यांनी ती पाळायचीच. पण त्याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होतो हे नीट समजून घ्यायला हवं. तिशीतला माणूस कुबड्यांवर टणाटण उड्या मारत जातो. सदुसष्टीत वॉकर पुढे ठेवून एका पायाने उडी मारायची म्हणजे दर पावलाला सगळं शरीर दोन मनगटांवर तोलायचं. माझा डावा गुडघा आधीपासून कुरकुरणारा. चार दिवसांत तो सुजला, मनगटं दुखायला लागली, खांद्यात चमक भरली. आम्ही सरळ चाकाची खुर्ची भाड्याने आणली. खुर्चीला नाही म्हणणारे पुष्कळ जण बघितले आहेत, त्यात त्यांना हार वाटते. मला तसं वाटलं नाही. एक पाय मोडलेला असताना थकून दुसऱ्यावर पडायचं नव्हतं.

घर बदलावं लागलं. जमिनीवरची पायपुसणी, सतरंज्या, लोंबणाऱ्या वायरी सगळं उचललं. संडासात आणि न्हाणीघरात भिंतीला दांडे बसवले, अंघोळीला पाठ असलेलं स्टूल ठेवलं, पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर मंद दिवा. हे सगळं पडायच्या आधी करून ठेवता येतं, आणि माझ्या वयाच्या प्रत्येकाने ते करावं असं मला मनापासून वाटतं. दांड्याला धरून उठणं यात म्हातारपण कबूल करण्यासारखं काही नाही.

माझ्या नवऱ्याचं वय बहात्तर. पहिल्या दिवशी तो मला काखेत हात घालून उचलायला गेला आणि त्याच्या कमरेत उसण भरली. काळजी घेणाराही वयस्कर असतो, हे दवाखान्यातून घरी पाठवताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. फिजिओथेरपिस्ट घरी आली तेव्हा तिने आधी त्यालाच शिकवलं. उचलायचं नाहीच. मी खुर्चीत पुढे सरकून कडेवर बसायचं, चांगला पाय मागे घ्यायचा, छाती पुढे झुकवायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत, आणि खुर्चीचे हात खाली दाबून उठायचं. वॉकरला धरून स्वतःला ओढायचं नाही, तो अंगावर पलटतो. नवऱ्याने फक्त बाजूला उभं राहायचं. ती मुलगी आमच्या नातीपेक्षा फार मोठी नसेल, पण तिने दहा मिनिटांत आम्हा दोघांचीही पाठ वाचवली.

तिला इतक्या लवकर बोलावलं म्हणून काहींना आश्चर्य वाटलं. प्लास्टरमध्ये असलेल्या पायाचा व्यायाम काय करणार? पण व्यायाम बाकीच्या शरीराचा होता. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तिने मला सांगितला. निरोगी, साठीच्या पुढच्या काही लोकांना १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतले स्नायू जवळजवळ १ किलोने घटले. त्यांचं काही मोडलेलं नव्हतं, आजार नव्हता. नुसतं पडून राहणं एवढंच. ते ऐकल्यावर मी झोपून राहणं सोडलं. प्लास्टरचा पाय गुडघ्यात ताठ ठेवून वर उचलायचा. मांडी आवळून धरायची. डावा पाय दुमडून कंबर उचलायची. बसल्या जागी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन खांद्यांचे व्यायाम. पायाची बोटं तासातासाला हलवायची. प्लास्टर घट्ट होऊन बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, हेही तिनेच बजावलं.

दुसरं भान ठेवायचं ते रक्ताच्या गुठळीचं. पाय हलत नाही, पोटरी आवळली जात नाही, त्यामुळे शिरांमधलं रक्त वर चढत नाही आणि साकळू शकतं. मला डॉक्टरांनी पोटात टोचायची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं दिली होती. ती नवरा द्यायचा, कातडीची घडी धरून, सावकाश. पोटरी अचानक जास्त दुखली, दम लागला किंवा छातीत कळ आली तर वाट बघायची नाही, असं सांगितलेलं होतं. इंजेक्शनं सगळ्यांनाच लागत नाहीत, पण लागणार आहेत का हे विचारायला कुणी लाजू नये.

खाण्याचंही तसंच. हाडासाठी कॅल्शियम सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नाशीनंतर बायकांना ते रोज १२०० मिलिग्रॅम लागतं, अन्नातून आणि कमी पडलं तर गोळीतून, आणि ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं. प्रथिनांचं मात्र कुणी बोलत नाही. आपल्या वयाला रोज वजनाच्या दर किलोमागे किमान १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, जखम भरत असताना त्याहून थोडी जास्त. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. माझी भूक त्या दिवसांत मेलेली होती. ताटात जे पडेल त्यातलं प्रथिनाचं आधी खायचं, उरली भूक तर बाकीचं, असा नेम मी केला.

त्या आठवड्यांत मला रडू फार यायचं. दुखण्याने नाही. संध्याकाळी घरात सगळे आपापल्या कामात आणि मी पाण्याच्या पेल्यासाठी हाक मारणार, ते सहन व्हायचं नाही. आयुष्यभर जी बाई दुसऱ्यांसाठी उठली तिला "बस, मी आणतो" हे ऐकणं फार जड जातं. मुलीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, तुझ्या आजारपणात तू आम्हाला काही करूच दिलं नाहीस आत्तापर्यंत." त्यानंतर हाक मारणं थोडं सोपं गेलं.

मग प्लास्टर निघालं. कापायच्या यंत्राचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो, पण त्याचं पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि कातडी सहसा शाबूत राहते. हे आधी सांगितलं तर माणूस आक्रसून बसत नाही. दोन भाग वेगळे केले आणि आत माझा पाय होता. कातडी राखाडी, तिचे पापुद्रे सुटलेले, ओल्या कापडाने पुसलं तर कापडावर थर यायचा. केस वाढून काळे झाले होते. टाक्यांच्या रेघा जांभळ्या. बोटांपासून घोट्यापर्यंत सूज आणि त्याच्यावर पोटरी म्हणून जी उरली होती ती हातात धरली तर रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. डाव्या पोटरीला हात लावला आणि पुन्हा उजव्या. मला धक्का बसला तो त्या फरकाचा. पाऊल वर ओढायला सांगितलं तर कपाळावर आठ्या पडेपर्यंत जोर लावून ते जरासंच हललं.

त्याच भेटीत नवा एक्स-रे काढला आणि डॉक्टर म्हणाले, छान जुळलंय. प्लेटने घट्ट धरलेल्या हाडात जुळल्याची गाठ फारशी दिसत नाही, मोडल्याची रेघ पुसट होत जाते तेवढंच. ती पुसट झाली होती. हाड आतून पूर्ण घडायला मात्र पुढे कित्येक महिने जातात, आणि ते घडतं भार पडल्यावर. युलिउस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये हे मांडलं होतं: हाडावर जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवतं, आणि भार गेला की विरळ होतं. अंतराळवीरांचं उदाहरण फिजिओने दिलं. वर वजनच जाणवत नसल्यामुळे त्यांच्या कंबरेच्या आणि पायांच्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते. म्हणजे परवानगी मिळाल्यावरही भीतीने पाय उचलून धरणारा माणूस हाडाला जपत नसतो.

भार कसा टाकायचा हे शिकवायला तिने वजनकाटा वापरला. साधा, काटा फिरणारा, अंघोळीपूर्वी लोक उभे राहतात तसला. उजव्या पायाखाली काटा, डाव्या पायाखाली त्याच उंचीची पुस्तकांची चवड, हातात वॉकर. "काकू, दहा किलोपर्यंत न्या आणि तिथे धरा." मी उजवा पाय ठेवला. काटा दोन-तीनवर थरथरत राहिला. मेंदू हुकूम देत होता आणि पाय ऐकत नव्हता. थोडं झुकले, काटा सरकला, आणि कळ आली ती टाचेतून. घोट्यातून येईल या धास्तीने मी दात आवळून होते, पण घोटा गप्प होता. इतके आठवडे जमिनीला न लागलेली टाच इतकी हळवी झाली होती की काट्यावरची जाळी तिला टोचत होती. दहा किलो धरले. मग तिने सांगितलं, काट्याकडे न बघता पुन्हा दहावर आणा. मला वाटलं दहा, काटा दाखवत होता पाच. पायाला अंदाजच उरला नव्हता. पुढे रोज थोडं वाढवत गेलो, आधी वॉकर, नंतर काठी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जवळजवळ प्रत्येक जण उलटं धरतो, अगदी सिनेमातसुद्धा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

काठीवर चालायला लागले त्या सुमारास दुसऱ्या एका डॉक्टरांकडे तपासणीला जाण्याची वेळ आली. त्यांनी मला खोलीत चार येरझाऱ्या घालायला लावल्या आणि म्हणाले, "वयाच्या मानाने उत्तम आहे. काठी आता कायमची राहू दे. फिजिओ थांबवलंत तरी चालेल." त्यांचा हेतू वाईट नसेल. पण ते वाक्य मला अजून खटकतं. पडायच्या आदल्या दिवशी मी काठीशिवाय दोन मजले चढून आले होते. माझं वय त्या दिवशीही तेवढंच होतं. मोडला तो घोटा, वय नव्हे. मग मला माझ्या आदल्या दिवसाशी ताडून बघायचं सोडून सरसकट "वयाशी" का ताडायचं? पन्नाशीतल्या माणसाला "पूर्ववत होईपर्यंत व्यायाम करा" सांगतात आणि सदुसष्टीतल्या बाईला "आता एवढंच" सांगतात, यामागे शास्त्र नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या माणसांना ८ आठवडे पायाने वजनं उचलायला लावली होती. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरीने दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत हे होऊ शकत असेल तर सदुसष्टीत हात टेकायचं कारण काय? मी डॉक्टरांना शांतपणे म्हटलं, मला पूर्वीसारखा जिना उतरायचा आहे, तोपर्यंत फिजिओ लिहून द्या. त्यांनी दिलं. मागितलं नसतं तर मिळालं नसतं, आणि मागायचं असतं हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

जिना उतरणं मी मुद्दाम म्हटलं. चढण्यापेक्षा उतरणं कठीण, कारण मागे राहिलेल्या पायाचा घोटा तेव्हा खूप वाकावा लागतो. सपाटीवर चालताना पाऊल नडगीकडे सुमारे १० अंश वाकलं तरी चालतं, जिना उतरताना त्याहून बरंच जास्त लागतं. माझा घोटा आधी काटकोनाच्या पुढे जातच नव्हता. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणायची. मग भिंतीपासून चार बोटांवर अंगठा ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, आणि पाऊल हळूहळू मागे सरकवत जायचं. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची. रबरी पट्टा पावलाला अडकवून चारही दिशांना ओढायचं. पुढे दोन्ही टाचा उचलून चवड्यावर उभं राहायचं. हे सगळं कंटाळवाणं आहे. रोज तेच, आणि फरक दिसायला आठवडे जातात. फरक मोजून ठेवला तर दिसतो. अंगठा भिंतीपासून किती दूर गेला याच्या पेन्सिलच्या खुणा आमच्या जमिनीवर होत्या. नवरा त्या पुसू द्यायचा नाही.

तोलाचं प्रकरण वेगळंच. सांध्याभोवतीच्या बंधांमध्ये आणि स्नायूंमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात, पाऊल कुठे आहे, किती वाकलं आहे याची खबर ती मेंदूला देतात. दुखापतीत आणि प्लास्टरच्या काळात ही खबर मंदावते. डोळे उघडे असले तर डोळे सांभाळून घेतात. अंधारात किंवा तोंडावर साबण लावल्यावर लगेच झोल जातो. म्हणून सिंकला धरून एका पायावर उभं राहायचं, मग एका बोटाने धरून, मग न धरता, शेवटी मऊ गादीवर. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायचं. शेजारी दणकट काही तरी धरायला असल्याशिवाय यातलं काही करू नये.

धास्तीबद्दल लोक बोलत नाहीत, पण ती मोडण्याइतकीच खरी असते. मी त्या पायरीवरून जाणं टाळायला लागले. मग पावसाळी हवा असली की बाहेर जाणं टाळलं. मग गर्दी. धास्तीने माणूस पावलं आखूड टाकतो, गुडघे ताठ ठेवतो, नजर जमिनीला खिळवतो, आणि अशा चालीने तर तो जास्तच पडतो. फिजिओने यावर दोन उपाय केले. एक मोजमापाचा. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका जास्त समजतात. सुरुवातीला मी त्याच्या कितीतरी वर होते. बाराच्या आत आले त्या दिवशी "मी पडेन" या भावनेसमोर ठेवायला एक आकडा माझ्याकडे आला. दुसरा उपाय मला जास्त आवडला. जमिनीवरून उठायचं कसं हे तिने शिकवलं. कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, चार पायांवर, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचं, तिच्यावर हात ठेवून चांगला पाय पुढे घ्यायचा, उठायचं. गादीवर सराव करून करून ते अंगात बसलं. पडलो तर तासन्‌तास तसेच पडून राहू ही भीती अर्ध्याहून अधिक त्यानेच गेली. वाढत्या वयाच्या प्रत्येक माणसाला हे शिकवायला हवं, घोटा मोडलेला असो वा नसो.

हाडांची घनता बघायचा डेक्सा स्कॅन मी आपणहून करून घेतला. उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीच्या पुढे हाड मोडलं तर हाडंच ठिसूळ नाहीत ना हे बघावं, नाही तर पुढचा नंबर खुब्याचा किंवा मणक्याचा लागू शकतो. तरुण, निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून त्यात एक आकडा देतात. तो उणे २.५ किंवा त्याखाली आला तर हाडं ठिसूळ समजतात, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असेल तर विरळ व्हायला लागलेली. माझी दुसऱ्या प्रकारची निघाली. औषध घ्यायचं की नाही हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. आधी मोडलेलं हाड, वय, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, हे सगळं धरून ठरतं. डॉक्टरांनी माझं औषध सुरू केलं आहे.

आता वर्ष होत आलं. संध्याकाळी घोट्याभोवती सूज येते, मोज्याची रेघ उमटते. सकाळची पहिली पावलं आखडलेली असतात, पाच-सात मिनिटांनी मोकळी होतात. सूज वर्षभर रेंगाळणं नेहमीचं आहे, ते आधी ठाऊक असलं तर माणूस दर संध्याकाळी घाबरत नाही. बाहेरच्या बाजूला एका स्क्रूचं डोकं कातडीखाली हाताला लागतं आणि कडक बुटाची कड त्यावर घासते. ते काढून टाकता येतं, पण त्यासाठी पुन्हा भूल, पुन्हा चीर, आणि काढलेल्या जागच्या छिद्रांमुळे हाड काही आठवडे जपायचं. मी मऊ कडेचे बूट घेतले आणि स्क्रू राहू दिला. काठी दाराच्या मागे आहे, खाचखळग्यांच्या वाटेवर नेते. जिना कठड्याला नुसता हात लावून उतरते, एकाआड एक पाय टाकत.

एका पायावर उभं राहून टाच पूर्ण उचलणं मात्र अजून जमत नाही. डावी सहज जाते, उजवी अर्ध्यावर थांबते आणि पोटरी थरथरायला लागते. फिजिओ म्हणते आणखी दोन-तीन महिने लागतील. तोपर्यंत दोन्ही टाचा उचलायच्या आणि खाली येताना एकट्या उजव्या पायावर सावकाश यायचं, असा व्यायाम तिने दिला आहे. पुढच्या आठवड्यापासून तोच हातात वजन घेऊन करायचा आहे.